तोंड बघणारी सुईण

बद्रिया खालानं आजवर किती बाळंतपणं केली, ते तिला स्वतःलाही सांगता यायचं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "गल्लीतून जाणारा चाळिशीच्या आतला कोणीही धर. बहुतेक माझ्याच हातचा निघेल." वाळवंटातल्या खारगा ओॲसिसमधलं ते गाव, आणि त्या गावातल्या पुरुषांना ती कधी भ्यायली नाही. यातल्या निम्म्यांना मी नागडं उलटं धरलंय, असं ती त्यांच्या तोंडावर सांगायची, आणि मोठमोठे मिशीवाले खाली बघत निघून जायचे.

सुईणपण तिला आईकडून आलं. हात लहान, जीभ तिखट, आणि कात्री उकळल्याशिवाय नाळेला लावायची नाही हा हट्ट पहिल्यापासून. पण आईकडून नुसतं चांगलंच येतं असं कुठं असतं? मूल म्हणजे एक दात, असं त्या गावात प्रत्येक बाई धरून चालायची. पोर आलं की दात जायचाच. बद्रियाला सहा पोरं झाली आणि पुढचे दात गेले, तिनं कधी तक्रार केली नाही. दुसरा नियम असा की गरोदर बाईच्या तोंडाला हत्यार लागू द्यायचं नाही, गर्भ पडतो. आणि हिरड्यांतून रक्त आलं तर येऊ द्यावं, अंगातलं जास्तीचं रक्त निघून जातं. हे सगळं बद्रियाची आई सांगायची, मग बद्रिया सांगू लागली.

इन्शिराहलाही तिनं हेच सांगितलं होतं. इन्शिराह म्हणजे रजबची बायको, उम्म रजबची, म्हणजे रजबच्या आईची, सून. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा तिच्या हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या, भाकरीचा घास तोडला की भाकरीला लाल डाग पडायचा. "जाऊ दे गं, वाईट रक्त आहे," बद्रिया म्हणाली. सातव्या महिन्यात मूल आलं, एक दिवस जगलं. दुसऱ्या वेळी तसंच रक्त, तसाच सातवा महिना, आणि ते मूल दुपारपर्यंतही राहिलं नाही. दोघांनाही बद्रियानंच अंघोळ घातली, कापडात गुंडाळलं. घरातले म्हणाले नजर लागली. बद्रियालाही तसंच वाटलं.

त्या हिवाळ्यात आरोग्य केंद्रात सगळ्या सुईणींना बोलावणं आलं. शिकवायला आलेली डॉक्टर नर्मीन दातांची डॉक्टर होती, दर बुधवारी शहरातून यायची. काडीसारखी पोरगी, बद्रियाच्या नातीच्या वयाची. बद्रिया चहात साखर ढवळत बसली होती. डॉक्टर म्हणाली, दिवस गेले की हिरड्या मुळातच हळव्या होतात. दातांवर कीटण साचलेलं असेल तर त्या सुजतात, पिकतात, आणि तिथले जंतू रक्तात उतरतात. अशा बायकांची मुलं वेळेआधी येण्याचं प्रमाण जास्त दिसतं.

बद्रियाचा चमचा थांबला. "म्हणजे हिरड्यांपायीच पोरं जातात, असं म्हणतेस?"

"तसं शपथेवर नाही सांगणार, खाला. कारणं पुष्कळ असतात. पण पिकलेलं तोंड तसंच ठेवून कुणाचं भलं झालंय? चौथ्या-पाचव्या महिन्यात साफ करायला काही भीती नाही. उलट दुखणं अंगावर काढलं तर त्रास आईलाच."

मग ती नवजात बाळांकडे वळली. बाळाच्या तोंडात जे जंतू जाऊन बसतात, ते बरेचसे जवळच्या माणसांकडूनच येतात. म्हणून मोठ्यांनी चावलेलं काही बाळाच्या तोंडात घालू नये. हे ऐकून बद्रिया मान खाली घालून बसली.

दुसरी एखादी असती तर घरी जाऊन निवांत चहा प्याली असती आणि पुढच्या बाईपासून गुपचूप सल्ला बदलला असता. सुईणीला कोण जाब विचारतं? बद्रिया मात्र केंद्रातून निघाली ती थेट उम्म रजबच्या अंगणात. इन्शिराहला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, चौथा महिना चालू होता.

"तोंड उघड, पोरी," बद्रिया म्हणाली.

इन्शिराहनं तोंड उघडलं. वास आलाच. बद्रियानं बोटानं हिरडी दाबली तर पू वर आला.

"बुधवारी हिला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं."

उम्म रजब पीठ मळत होती, ती तशीच उठली. "डोकं फिरलं का तुझं? पोटुशीच्या तोंडात हत्यार घालायचं नाही, हे कुणी सांगितलं होतं मला?"

"मी."

"दोनदा सांगितलंस."

"दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा चुकले," बद्रिया म्हणाली. शेजारणी भिंतीवरून ऐकत होत्या, म्हणून तिनं आवाज चढवला. "ऐका गं, सगळ्याच ऐका. चाळीस वर्षं मी हे चुकीचं सांगत आले."

"आणि या वेळी काही झालं म्हणजे?"

"तर पुन्हा या गावात कुणाच्या बाळंतपणाला जाणार नाही. कात्री तुझ्या हातात आणून देईन."

इन्शिराहच उठली आणि म्हणाली, "मी जाते, अम्मा. दोन पोरं पुरून झाली, आता एका डॉक्टरला काय भ्यायचं?"

दोन बुधवार लागले. कीटण खरवडताना रक्ताच्या चुळा भरल्या, उम्म रजब बाहेर जपमाळ ओढत बसली, आणि बद्रियानं इन्शिराहचा हात असा काही दाबून धरला की हिरड्यांपेक्षा बोटं जास्त दुखली, असं इन्शिराह नंतर सांगायची. रक्त थांबलं, भाकरीवरचे डाग गेले. पण सातवा महिना लागला तशी बद्रियाची झोप उडाली. काहीतरी निमित्त काढून ती रोज त्या घरी जायची. एकदा चाळण मागायला, एकदा मागितलेली चाळण परत द्यायला. सातवा महिना सरला, आठवा सरला. नवव्यात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, इन्शिराहला मुलगी झाली. चांगली भरलेली, आणि रडणं असं की शेजारची गाढवं बिथरली. हिरड्या साफ केल्यामुळेच ती टिकली का, ते देवालाच ठाऊक. बद्रियानंही तसा दावा कधी केला नाही. त्या दिवशी तिनं फक्त दाराला टेकून डोळे पुसले.

बाळ जन्मलं की हाजी खलफकडे न्यायचं, ही त्या गावची रीत. हाजी म्हणजे रजबचे आजोबा, ऐंशी उलटलेला माणूस, ज्यानं उभ्या जन्मात कुणाला दुखवलं नाही. ते खजूर चावून मऊ करत, बोटानं बाळाच्या टाळूला चोळत आणि दुआ देत. आधीच्या दोन पणतवंडांना त्यांना खजूर देता आला नव्हता. त्यामुळे आज ते पहाटेपासून धुतलेला झगा घालून ओसरीवर बसले होते. त्यांच्या तोंडात चार दात उरले होते, चारही हलते, आणि हिरड्या पिकलेल्या.

बद्रियानं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. हाजींनी खजूर ओठांशी नेला.

"थांबा, हाजी. चावू नका."

उम्म रजबनं छातीवर हात मारला. "बाई, बरकत अडवतेस?"

"बरकत त्यांच्या मनात आहे, उम्म रजब. पू हिरडीत आहे." मग ती हाजींसमोर खाली बसली. "हात धुवा आणि खजूर पाण्यात कुस्करून द्या. तुमच्या तोंडातलं दुखणं पोरीच्या तोंडात जायला नको."

हाजी खजुराकडे बघत राहिले. "आजवर किती पोरांना दिला मी?"

"मी आणली तेवढ्यांना. आणणारी मीच होते, हाजी. तुमच्याआधी चूक माझी."

मग म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "आणि तोंडातली दुआ? ती तरी चालेल का?"

दोन पोरांना कफनात गुंडाळताना जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती बद्रिया सगळ्यांदेखत रडली. "तीच तर घ्यायला आणलंय हिला," ती म्हणाली.

हाजींनी कोपरापर्यंत हात धुतले. वाटीतल्या पाण्यात खजूर कुस्करला, थेंबभर रस बाळाच्या टाळूला लावला आणि इतकी लांब दुआ दिली की पोरगी तिथंच झोपली.

पुढच्या बुधवारी केंद्राच्या बाकावर पोटुशा बायकांच्या मधोमध काठी टेकून हाजी खलफ बसलेले दिसले. गावात बातमी पसरायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. इतके महिने सुनांना दाताच्या डॉक्टरकडे जाऊ न देणाऱ्या सासवाही आपापल्या सुनांना घेऊन मुकाट्यानं रांगेत येऊन उभ्या राहिल्या. बद्रियानं जाता जाता विचारलं, "काय हाजी, कितवा महिना?"

"आधी या पोरींना आत सोड," हाजी म्हणाले. "मी थांबतो. इतकी वर्षं थांबलोच की."