काडतुसांचं यंत्र आणि आक्काचं भात

काडतुसं भरण्याचं यंत्र ही संसारोपयोगी वस्तू नाही, असं आमच्या घरात मी सोडून सगळ्यांचं मत होतं.

मी तेव्हा कर्जतच्या कोर्टात वकिली करत असे आणि माझ्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती. दोन्हींचा फारसा उपयोग होत नव्हता, हे कबूल! पण म्हणून खंडाळ्याला एक साहेब विलायतेला परत जाताना सामान विकत होता, त्यातून मी ते यंत्र उचललं, तर एवढं आकांडतांडव कशाला? यंत्र अगदी साधं. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, झाडलेल्या काडतुसाची कागदी नळी खालच्या पितळी वाटीत उभी करायची, आत दारू-छऱ्यांचा माल भरायचा आणि वरचा दांडा दाबून नळीचं तोंड दुमडायचं. झालं काडतूस! येताना घाट उतरून चौक गावाजवळ माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, मुक्काम केला. निघताना तिने यंत्राच्याच पोत्यात भरपूर चिंच कोंबली. (नको म्हणायची सोय नव्हती. आक्काला कुणीच नको म्हणत नसे.) पुढे पावसाळाभर यंत्र तसंच पोत्यात पडून राहिलं.

आश्विनात आक्का स्वतःच गाडी जुंपून कर्जतला येऊन थडकली.

"बाळू, रानडुकरं शिरलीयेत शेतात! दोन खाचरं लोळवली मेल्यांनी. माझं वर्षाचं भात आहे ते! तुझी बंदूक काय खुंटीला शोभेसाठी टांगलीस?"

मेहुणे गेल्यापासून आक्का एकटीच शेती बघत होती. ते भात गेलं असतं तर वर्षभर तिला कुणापुढे तरी हात पसरावा लागला असता, आणि आक्काचे हात पसरण्यासाठी झालेले नव्हते.

"आक्का, परवान्यावरची नवी काडतुसं श्रावणातच संपली गं."

"कशावर?"

(हा प्रश्न विचारायचं त्या वेळी काहीएक कारण नव्हतं!)

"ते जाऊ दे. यंत्र आहे ना! चार दिवसांत घरीच काडतुसं भरून हजर होतो."

एकदम खऱ्या दारूशी खेळ नको म्हणून मी आधी तालीम करायची ठरवली. नळीच्या बुडाला ठिणगीची टोपी खरी, पण आत दारू-छऱ्यांऐवजी स्वैपाकघरातले तांदूळ. दांडा धरला आणि दाबला.

"कुंईंईंईंई!"

माझी बायको यमू हातातलं लाटणं घेऊन धावत आली. "अहो, कुणाचा गळा दाबताय?"

वाटीत बघतो तर काडतुसाची मान एका अंगाला कलंडलेली! बंदुकीत घालून पाहिलं, जाईना. दुसरं केलं, तेही वाकडं. तिसरं तर इतकं वाकडं की यमू म्हणाली, "हे कोपऱ्यावरून पलीकडे वळून मारायला बरं आहे."

इथे आमचे शेजारी अण्णाकाका आले. म्हणजे बोलावलं कुणी नव्हतं! आयुष्यभर फिटरकाम केलेला माणूस, आवाज ऐकला की येणारच. "भिवपुरीच्या पॉवरहाऊसचे एवढाले नळ डोंगरावरून सरळ उतरवले आम्ही," ते म्हणाले, "हे तर बोटभर आहे!" आणि खिशातून गवंड्याचा दोरीवाला ओळंबा काढला. (घरी असताना खिशात ओळंबा कोण ठेवतं?) त्यांनी दांडा तपासला. सरळ! खांब तपासला. सरळ! मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमचं टेबल वाकडं आहे."

टेबल माझ्या सासऱ्यांनी दिलेलं, त्यामुळे यमू खवळली. यंत्र खिडकीत गेलं. खिडकीही वाकडी निघाली. भिंत वाकडी, पडवी वाकडी, झोपाळ्याची फळी तर बोलायलाच नको! शेवटी अण्णाकाकांच्या मते घरात एकच सरळ लाकूड उरलं, स्वैपाकघराचा उंबरठा. तिथे यंत्र आवळलं. यमूला पाण्याचा हंडा घेऊन त्यावरून उडी मारून जावं लागे, आणि प्रत्येक उडीला ती माझ्या माहेरचा, म्हणजे माझ्या आईबापांचा, उद्धार करी. काडतूस मात्र वाकडं ते वाकडंच! खरं तर दांडा बाजूला घासून बोंबलतोय, तर खाली वाटीत काही आहे का हे बघावं की नाही? पण अण्णाकाकांचं सगळं शास्त्र वरून खाली लोंबकळणारं होतं, आणि मला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं.

चार दिवस उलटून गेले आणि आक्काचा निरोप आला. "यंत्र घेऊन इकडे ये. माझ्या डोळ्यांसमोर भर."

गेलो! शेताच्या बांधावर राखणीचा माळा होता. आक्काचा राखणदार काळू तिथे मशाल घेऊन बसत असे. दिवस मावळताना मी माळ्याच्या लाकडाला यंत्र आवळलं आणि दांडा दाबला. "कुंईंईंईंई!" खालच्या खाचरातून एकदम धडधड, फुरफुर, आणि सगळा कळप ओढ्याकडे उधळला.

"आरं द्येवा!" काळू ओरडला. "वकीलसाब, डुकरं पळाली! थांबू नका, वरडवा त्येला, वरडवा!"

पुढे रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. मी दांडा दाबायचा, यंत्राने किंचाळायचं, डुकरांनी पळायचं. आक्का खूश! रोज पानावर जास्तीचं तूप पडायला लागलं. पण मला सांगा, माझा काही मान आहे की नाही? दुनळी बंदूक जवळ असलेला शिकलासवरला माणूस मी, आणि काम काय, तर दांडा दाबून कुंई करायचं! गावची माणसं मला बघून आपसात हसायची. भरीला रविवारी अण्णाकाका ओळंबा घेऊन तिथेही आले आणि माळ्याला ओळंबा लावून म्हणाले, "हा माळाच वाकडा आहे."

माझं डोकंच फिरलं. यंत्र उपटलं आणि दिलं खाली भिरकावून! ते बांधावरच्या धोंड्यावर आपटलं, पितळी वाटी निसटली आणि वाटीखालून टुणकन एक चिंचोका बाहेर पडला.

चिंचोका! आक्काच्या चिंचेतला! एवढ्याशा चिंचोक्याने वाटी उचलून धरली होती आणि माझं सगळं घर वाकडं ठरवलं होतं! मी रागारागाने त्याला ओढ्यात फेकून दिलं, वाटी बसवली आणि दांडा दाबला. आवाज नाही. काडतूस सरळ. बंदुकीत घातलं, सुळकन गेलं! मग मी थांबतोय कसला? पुन्हा आधी थोडी तांदळाची तालीम केली, मग खरा माल भरला आणि सगळी काडतुसं एका डब्यात रचून ठेवली.

संध्याकाळी यंत्र गप्प, त्यामुळे डुकरं बिनघोर आली. सगळ्यांत पुढे एक भलाथोरला नर. माझ्या मागे आक्का, काळू आणि अण्णाकाका श्वास रोखून उभे. मी नेम धरला आणि घोडा ओढला.

"फट्."

बंदुकीच्या नळीतून चार तांदूळ घरंगळले. मी घाईने दुसरी नळी झाडली. "फट्." आणखी चार! डब्यातली सगळी काडतुसं आता इतकी सारखी आणि इतकी सरळ झाली होती की तांदळाचं कुठलं आणि खरं कुठलं, देवालाही ओळखू येऊ नये. नराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भातात तोंड घातलं.

"बाळू!" आक्काचा आवाज चढला. "माझं भात खातायत ते कमी पडलं, म्हणून तू वरून तांदूळ वाढतोस होय रे?"

"आक्का, डब्यात खरी काडतुसं आहेत गं, शोधतो…"

"ठेव ती बंदूक खाली! आणि ते यंत्र आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखं वाकडं कर!"

वाकडं करायचं! ज्यासाठी मी सासऱ्यांचं टेबल आणि स्वतःचे आईबाप पणाला लावले, ते यंत्र वाकडं करायचं! आक्काने टोपलीभर चिंचोके पुढ्यात ओतले. एकेक वाटीखाली घालून बघितला. कुठला भुगा झाला, कुठला बसेचना, पण ती कुंई काही येईना. अण्णाकाका आता ओळंब्याने यंत्र तिरकं करू लागले, तर मेलं जास्तच सरळ चालायला लागलं! इकडे डुकरं तिसऱ्या खाचरात शिरली. आक्काने पदर डोळ्यांना लावला. तिला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना. मी माळ्यावर उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

"कुंईंईंईंईंई!"

डुकरं पळाली.

कापणीपर्यंत रोज पळाली. आक्काचं भात घरात आलं. काळूच्या मते यंत्रापेक्षा माझाच आवाज सरस होता, फक्त यंत्राला मधे मधे चहा लागत नसे. आजही परवाना माझ्या नावावर आहे आणि बंदूक तेल लावून खुंटीवर आहे. दरवर्षी आश्विन लागला की चौकहून आक्काचा निरोप येतो, "भात तयार झालंय, ताबडतोब ये. बंदूक आणू नकोस."