थोरल्या साडूंचं नाक

मराठवाड्यात आजवर जेवढी नाकं होऊन गेली, त्यांत आमच्या थोरल्या साडूंचं नाक पहिल्या नंबराचं, हे मी कुठल्याही मांडवात, कुठल्याही माइकवरून, डीजे बंद करायला लावून सांगायला तयार आहे. दिसायला ते साधंच आहे. थोडं डावीकडे कललेलं, टोकाला बसकं, वर चष्म्याची खूण. पण साडूंची बाकीची चार इंद्रियं या नाकाच्या सोबतीला म्हणून दिलेली असावीत, असं मला नेहमी वाटतं. ते आमच्या घरी येतात तेव्हा उंबऱ्याबाहेर चपला काढता काढताच विचारतात, “वांगी लागली का हो खाली?” वांगी परवा लागलेली असतात, पातेलं घासून मांडणीवर गेलेलं असतं, बायकोनं वरून उदबत्तीही लावलेली असते. साडू पुढे म्हणतात, “उदबत्ती लावून झाकाय गेलात, अन् उदबत्तीबी कशी, लाकडाच्या वखारीला आग लागल्यावानी.” मग शांतपणे खुर्चीत बसून चहा मागतात. बायको आत जाऊन भांडी आपटते. तोही आवाज त्यांना ऐकू येत नाही, कारण तोवर ते चहाच्या कपावर वाकलेले असतात.

या नाकानंच त्यांचं लग्न जमवलं. आष्टीला मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे त्यांनी मुलीकडे बघितलंच नाही. पोह्यांची बशी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, “शेंगदाणे मागच्या सालचे हैत. पण फोडणी देणारीला कळतं, कधी थांबायचं ते.” आमचे सासरे रागानं उठायला निघाले होते. आतून ती फोडणी देणारी, म्हणजे आमच्या आक्का, माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, मोठ्यानं हसल्या आणि लग्न ठरलं. आक्का अजून म्हणतात, “माझं तोंड ह्यांनी लग्नानंतर पंधरा दिवसांनी बघितलं. तोवर नुसतं हुंगून राह्यले होते.”

अशा माणसानं दारू गाळायचा धंदा काढावा हे मला तरी अगदी सरळ वाटलं. आयुष्यभर त्यांनी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नोकरी केली. तिथे नळाला पाणी यावं तशी दारू येते आणि नाकाला कोणी विचारत नाही. या अपमानाला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली, रीतसर परवाना काढला आणि घनसावंगीच्या अलीकडे, उसाच्या फडांच्या मधोमध, पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा छोटा कारखाना थाटला. एक तांब्याचा मोठा हंडा, त्यावर वाकलेली तांब्याची मान, शेवटी एक नळी आणि हाताखाली कारखान्यातला जुना सोबती शेषराव. गूळ पाण्यात विरघळवून आंबवायचा, हंड्यात तापवायचा, वाफेच्या वाटेत मोसंबीच्या साली टांगायच्या आणि नळीतून जे थेंब थेंब उतरेल ते हुंगत बसायचं. बाटलीवर छापायला त्यांनी एक सुरेख इंग्रजी नाव शोधलं होतं. गाव त्याला भट्टी म्हणतं. दोन महिने साडूंनी प्रत्येकाला थांबवून सुधारलं, मग तेही भट्टी म्हणायला लागले.

गावाशी त्यांचं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून. पहिल्या धारेची ती सगळ्यात भारी, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. साडू नेमकी पहिली धार फेकून देतात. नळीतून आधी येतं ते विषारी असतं, ते वेगळ्या बादलीत काढायचं, मधलं तेवढं ठेवायचं आणि शेवटचं पुन्हा बाजूला करायचं, हे त्यांचं शास्त्र. गावाला हे शास्त्र म्हणजे नवरदेवाला बाहेर उभं करून वऱ्हाडाला जेवू घालण्यासारखं वाटलं. भट्टी पहिल्यांदा पेटली त्या दिवशी फाटकाशी माणसं गोळा झाली होती आणि साडूंनी पहिली बादली त्यांच्या डोळ्यांदेखत फरशी धुवायला ओतली. एक म्हातारबा कळवळून म्हणाले, “आरं, आमच्या आज्याच्या टायमाला पहिल्या धारेची पाव्हण्याला देत व्हते!”

साडूंनी विचारलं, “मंग ते पाव्हणे दुसऱ्यांदा आल्ते का?”

म्हातारबा बराच वेळ आठवत उभे राहिले.

आता ही पहिली धार संपली कधी आणि मधली सुरू झाली कधी, हे ठरवायचं कोणी? तर नाकानं. नळीखाली तळहात धरायचा, दोन थेंब घ्यायचे, हातावर हात चोळायचा आणि हुंगायचा. थर्मामीटर भिंतीला असतो. मी एकदा त्याच्याकडे बोट दाखवलं तर साडू म्हणाले, “त्ये सांगतंय किती तापलंय. काय झालंय ते न्हाई सांगत.”

आणि गेल्या वर्षी, पावसाळा सरता सरता, साध्या सर्दीनं या माणसाचं नाक गेलं.

सर्दी आठ दिवसांत बरी झाली. नाक परत आलं नाही. आक्कांच्या लक्षात आलं ते असं, की एका सकाळी दूध उतू जाऊन शेगडीवर कोळसा झाला आणि साडू शेजारी बसून पेपर वाचत होते. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल, कदाचित नाही येणार, वाट बघा. साडूंनी भट्टी विझवली. “अंदाजानं काढायची न्हाई,” ते म्हणाले. “एका बाटलीत चुकीची धार गेली अन् कुणाचं काही बरंवाईट झालं तर? नाक न्हाई तर भट्टी न्हाई.” पुन्हा कुठल्या तरी कारखान्यात सुपरवायझर म्हणून जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. आक्कांनी हे सगळं माझ्या बायकोला फोनवर रडत सांगितलं. शेषरावांना मात्र कळू द्यायचं नाही, अशी साडूंची सक्त ताकीद होती. शेषराव त्यांच्या नाकाला नमस्कार करायचेच बाकी होते.

आता माझी हकीकत दोन ओळींत सांगतो. माझा धंदा निवेदनाचा. लग्न, वास्तुशांत, सत्कार, दुकानाचं उद्घाटन. माइक हातात दिला की मी चार तास उभा. पण हल्ली डीजेवाले आपलंच पोरगं आणतात, ते उड्या मारतं, हिंदी बोलतं आणि लोकांना तेच आवडतं. त्या दिवसांत मी घरी बसून बायकोला भाजीचं निवेदन ऐकवत असे. अशात साडूंचा फोन आला.

“साडू, या हिकडं. माझ्याकडं नाक न्हाई, तुमच्याकडं हाय.”

“नाक तर सगळ्यांनाच असतं.”

“पण सगळ्यांकडं शब्द नसत्यात. तुम्ही हुंगायचं अन् मला सांगायचं. मला वास आठवतात सगळे. फक्त दिसत न्हाईत.”

मी गेलो. आधी माझी झडती झाली. अत्तर बंद, खोबरेल बंद, भट्टीच्या दिवशी कांदा-लसूण बंद, पान तर बिलकुल बंद. मग ठरलं असं, की शेषरावांसमोर साडू थेंब चोळतील, डोळे मिटून स्वतः हुंगल्यासारखं करतील आणि मग पाहुण्याला मान द्यावा तसा हात माझ्या नाकाशी धरतील. मी बोलायचं. निर्णय ते देतील. अहो, आयुष्यात इतक्या मांडवांत उभा राहिलो, पण असं नाटक मला कोणी दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी हात पुढे आला. मी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणालो, “अतिशय मनमोहक असा सुवास दरवळत आहे.”

साडू दात आवळून पुटपुटले, “हे लग्न न्हाई. वास कशाचा येतोय?”

“दारूचा.”

“मंग काय दुधाचा येणार? कशावानी येतोय ते सांगा!”

तीस वर्षं मी ‘सुगंधी वातावरण’ म्हणत आलो होतो आणि एकदाही हुंगलं नव्हतं. शेवटी धीर करून म्हणालो, “पोरीनं नखांचा रंग पुसायची बाटली उघडी टाकावी, तसं काहीतरी.”

साडूंचे डोळे चमकले. “बराबर!” ते ओरडले. “शेषराव, बादली तशीच ठेव. अजून पहिलीच चालूये.” आणि माझी पाठ अशी थोपटली की चष्मा खाली पडला.

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. आम्हा दोघांना सारखाच ठाऊक असलेला मुलूख एकच, तो म्हणजे आष्टीचं सासर. त्यामुळे आमची सगळी परिभाषा तिथलीच. मधली धार सुरू झाली की मी म्हणे, “मामंजींनी गुळाची ढेप फोडली.” थोडी पुढे गेली की, “सासूबाईंनी शेंगा भाजायला घेतल्या.” आणि शेवटची धार आली की, “मामंजींची पावसात भिजलेली छत्री, दाराआड.” साडू डोळे मिटून ऐकत आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते ते घर उजळत जाई. कधी कधी ते उगाच जास्त विचारत. “शेंगा कशा, वरनं भाजलेल्या का आतून?” भट्टीला त्याची गरज नसे. त्यांना असे. दर मंगळवारी मी परतूरच्या आमच्या घरून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिकडे जाई, आणि वाटेत शेजाऱ्याच्या घोंगडीचाही वास शब्दांत बसवायचा प्रयत्न करी. शेजारी अंग चोरून बसत.

खरी परीक्षा झाली ती संभाजीनगरच्या एका बड्या हॉटेलमालकाच्या भेटीत. त्यानं माल घेतला तर भट्टी उभी राहणार होती, नाहीतर कुलूप. गृहस्थ आले, सगळं फिरून बघितलं, आणि जाता जाता ग्लास साडूंच्याच हातात देऊन म्हणाले, “तुमच्या नाकाबद्दल फार ऐकलंय. सांगा ना, यात काय काय आहे?”

साडूंनी ग्लास वर नेला. डोळे मिटले. शेषराव भक्तिभावानं हात जोडून उभे. मी दोन पावलं पुढे झालो, ग्लासवर वाकून एक श्वास ओढला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “उपस्थित पाहुणेहो! सर्वप्रथम आपल्या भेटीला येत आहे गूळ, सुरीला चिकटून राहिलेला. त्यामागोमाग, नखानं सोललेली मोसंबीची साल. आणि समारोपाला, मंडळी, भाजलेल्या शेंगांची कोमट टरफलं!”

मालकांनी विचारलं, “हे कोण?”

“आमचे साडू,” साडू म्हणाले. “जरा कार्यक्रमातले हैत.”

मालक हसले, ग्लास घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. “अहो, टरफलं खरंच येतात की.” माल त्यांनी घेतला. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर साडू आत गेले, आक्कांनी डब्यात दिलेलं धपाटं माझ्या हातावर ठेवलं आणि मी ते संपवेपर्यंत शेजारी बसून राहिले.

संक्रांतीनंतरच्या एका मंगळवारी मी आदल्या दिवशीच्या लग्नातून आलो होतो. बऱ्याच दिवसांनी मिळालेलं लग्न. तिथे कोणीतरी मनगटाला अत्तर फासलं होतं. मी राखेनं, साबणानं, सगळ्यानं धुतलं होतं. जीपमधून उतरलो, फाटकातून आत आलो, आणि दहा हातांवरून साडू म्हणाले, “साडू, हिना लावलाय व्हय?”

मी थांबलो. ते घाईघाईनं म्हणाले, “म्हंजे… तुमची आक्का म्हणली. लग्नाला गेल्ते म्हणून.” आक्कांना त्या लग्नाचा पत्ता नव्हता. मी नुसतं “हो हो” म्हणालो.

त्या दिवशी भट्टी पेटली. साडूंनी नेहमीसारखे थेंब चोळले, डोळे मिटले, मग हात माझ्याकडे केला. नखांचा रंग. मी तसं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा हात आला. आता गूळ होता. लख्ख, ढेप फुटल्यासारखा. मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हणालो, “अजून नखाचाच आहे.”

साडूंच्या नाकपुड्या थरथरल्या. मी तिरक्या डोळ्यानं बघत होतो. चांगली, मधली, गुळाची धार फेकायच्या बादलीत पडत होती. ज्या माणसानं वाटीभर मधल्या धारेसाठी शेषरावांशी आठ दिवस अबोला धरला होता, तो माणूस बादलीकडे बघत उभा होता आणि ‘साडू, चुकलात’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हते. जिभेनं ओठ ओले केले. नळीवर त्यांचा हात गेला, थांबला, तिथेच राहिला.

मलाच सहन झालं नाही. म्हणालो, “आता… आता मामंजींनी ढेप फोडली.”

“बराबर,” साडू म्हणाले, आणि माझा शब्द संपायच्या आत नळी फिरली होती.

त्यांचं नाक परत येऊन किती दिवस झाले, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी घरी बसलो होतो तेव्हाचे माझे दिवस त्यांना आक्कांकडून कळले असतील आणि ते परत येऊ नयेत म्हणून हे चाललं असेल, एवढा अंदाज मी बांधला आहे. तोंडावर आमच्या उदबत्तीला वखारीची आग म्हणणारा माणूस एक गोष्ट बोलायची टाळतो आहे, आणि ती टाळताना त्याला किती कष्ट पडतात ते मी दर मंगळवारी पाहतो. माझ्यावर कोणी इतका खर्च केल्याचं मला आठवत नाही.

परवा फोन आला. “साडू, मंगळवारी जरा जल्दी या. नवा गूळ आलाय.”

“कसा आहे?” मी विचारलं.

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला, भरून घेतलेला, सुखाचा. मग ते म्हणाले, “मला काय कळतंय? तुम्ही या अन् सांगा.”