अ‍ॅडमिनची सख्खी बहीण

तिला सगळे कात्री म्हणत. दुकानामुळे हे नाव पडलं असेल असं कोणालाही वाटेल, कारण दुकान अल्टरचं होतं: पँट आखूड करणे, कंबर सैल करणे, चेन बदलणे, कोटाला नवीन अस्तर घालणे. पण नाव पडलं ते इंटरनेटवर. 'ठिगळ' नावाचा एक फोरम होता. कपडे टाकून न देता दुरुस्त करून वापरणारी शहरातली माणसं तिथे जमत आणि कोणता डाग कशाने जातो यावर हमरीतुमरीवर येत. कात्री तिथे अ‍ॅडमिन होती. नको ते बिनदिक्कत उडवायची. एकदा एकाने चिडून लिहिलं, "बाई आहे की कात्री?" बाईला ते इतकं आवडलं की तिने आपलं टोपणनाव बदलून तेच घेतलं.

ती यायच्या आधी ठिगळवर नुसता बाजार भरायचा. एखादीने विचारावं, स्वेटरची कोपरं उसवली आहेत, कशी सांधू? खाली उत्तरं काय, तर एकजण भाच्याच्या मशिनच्या दुकानाची लिंक टाकणार, दुसरी वजन कमी करायच्या गोळ्यांची, आणि तिसरा 'खूप छान माहिती, इथे बघा' असं लिहून माणसाला कुठल्या कुठे नेऊन सोडणार. स्वेटरवाली बिचारी उघड्या कोपरांनीच बसलेली. कात्रीने हे सगळं महिनाभर पाहिलं, मग जुन्या अ‍ॅडमिनला कळवलं की तुम्हाला झेपत नसेल तर मी करते. तो माणूस पोस्टातून निवृत्त झालेला, टोपणनाव बटण, स्वभावाने मऊ. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

नियम थोडे होते, पण पक्के. नुसती लिंक टाकायची नाही, तिच्यात काय आहे ते आपल्या शब्दांत लिहायचं. स्वतःच्या दुकानाचं कौतुक सोमवारच्या धाग्यावरच, म्हणजे त्या दिवशीच्या चर्चेतच करायचं. कोणाची शिफारस करायची तर काम काय करून घेतलं, ते कसं टिकलं आणि त्या माणसाशी आपलं नातं काय, हे सांगितल्याशिवाय करायची नाही. शेवटचा नियम तिने आपण होऊन घातला होता: अ‍ॅडमिनच्या नातेवाइकांची शिफारस इथे चालणार नाही, मग ती कोणीही केलेली असो. हा नियम तिचा फार लाडका होता. बटण म्हणाला होता, "अहो, याची काय गरज? आपले नातेवाईक कोण विचारतंय?" ती म्हणाली, "उद्या कोणी बोट दाखवायला नको."

शिफारस काढली की खालचा मजकूर जाई, वरचा मथळा तेवढा राही आणि त्याच्याखाली करड्या अक्षरांत एक ओळ येई: 'ही शिफारस नियमांनुसार काढली आहे. – कात्री.' कोणता नियम, ते लिहायची पद्धत नव्हती. त्यावरून लोक वाद घालत बसतात, असा तिचा अनुभव होता.

तिचे वडील शिंपी होते. दोघी बहिणी त्यांच्या मशिनच्या पायडलाशी खेळत वाढल्या आणि दोघींनी त्यांचीच विद्या उचलली, पण वेगवेगळी. धाकटीच्या हातात रफू होता. रफू म्हणजे भोक पडलेल्या जागी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढलेल्या धाग्यांनी पुन्हा वीण उभी करायची. काम जमलं तर भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. मोठीनेही, म्हणजे कात्रीनेही, लहानपणी करून पाहिलं होतं. वडिलांनी तो तुकडा सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि म्हणाले, "तू आपली बेतायला शीक." ती शिकली, आणि बेतण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. रफूबद्दल मात्र ती फारसं बोलत नसे.

वडिलांमागे दोघींनी दुकान एकत्र चालवलं. मोडलं ते एका दुपारी. नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारा एक गृहस्थ आला. पेटीभर जुने कपडे, जागोजागी कसर लागून भोकं पडलेली. त्याने विचारलं, "बाई, रफूला चांगलं कोण आहे?" धाकटी मागेच दिव्याखाली सुई ओवत होती. मोठी म्हणाली, "ही माझी बहीण करते. पण बहीण म्हटल्यावर मी काय सांगणार? तुम्ही आणखी दोन ठिकाणी विचारा." भला माणूस, त्याने दोन ठिकाणी विचारलं आणि काम तिसरीकडे दिलं.

"पलीकडच्या लाँड्रीवाल्याची शिफारस करतेस," धाकटी म्हणाली. "बटणं विकणाऱ्याची करतेस. मी काय घोडं मारलंय तुझं? तुझ्या घरात जन्मले, एवढंच ना?"

"लोक म्हणतील, बहिणीला गिऱ्हाईक जमवून देते."

"म्हणू देत की! खोटं आहे का?"

मोठीने तोंड फिरवून मशीन सुरू केलं. धाकटीने भिंग, सुया आणि तिचा तो वाकवता येणारा दिवा पिशवीत भरला आणि बस डेपोच्या मागे एक खोली घेऊन स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आई मोठीकडे राहत होती. मोठी दुकानात गेली की धाकटी दुपारी आईला भेटून जाई. स्टेशनमास्तरने गाड्या सांभाळाव्यात तशी आई दोघींच्या वेळा सांभाळे, आणि इतकी वर्षं टक्कर होऊ दिली नव्हती.

हे ठिगळवर कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिथे सगळी टोपणनावं. त्यामुळे अधूनमधून कोणीतरी धाकटीच्या कामावर खूश होऊन नियमाप्रमाणे सगळं लिही: शालीला रफू करून घेतला, वर्षभर टिकलाय, नातं काही नाही, सोबत दुकानाची लिंक. वर मथळा, 'डेपोमागची रफूवाली'. कात्री ते वाची, मान डोलवी आणि उडवून टाकी. नियम म्हणजे नियम. त्या दिवशी तिला जेवण जरा जास्तच गोड लागे. आपण किती निःपक्षपाती आहोत याचं ते समाधान आहे, अशी तिची समजूत होती, आणि ही समजूत तिने कधी उलटी करून पाहिली नव्हती.

मग एका शाळामास्तरणीने धागा काढला. तिच्या वडिलांचा एकुलता एक गरम कोट, ते गेल्यावर तिने जपून ठेवलेला, छातीवर कसरीने खाल्लेला. कुठे नेऊ? खाली एकीने लिहिलं, 'डेपोमागे एक रफूवाली आहे ना?' लगेच दुसऱ्याचं उत्तर: 'तिकडे चुकूनही जाऊ नका. तिच्या शिफारशी इथे किती वेळा काढल्यात बघा. कात्री उगाच काढत नाही.' तिसरीने भर घातली: 'माझ्या मैत्रिणीने ऐकलंय की ती कपडे बिघडवते.' चौथा म्हणाला की खोट्या शिफारशी ती स्वतःच लिहून घेत असणार. शाळामास्तरणीने सगळ्यांचे आभार मानले आणि लिहिलं, बरं झालं विचारलं.

कात्रीने ते दुकानात, हातातली पँट बाजूला ठेवून वाचलं. पहिल्यांदा तिला राग आला तो त्या तिसरीचा. ऐकीव गोष्ट लिहायची नाही असाही एक नियम होता. तिने ते उत्तर उडवलं. मग राहिलेला धागा पुन्हा वाचला आणि तिच्या लक्षात आलं की उडवण्यासारखं बाकी काहीच नाही. कोणी नियम मोडला नव्हता. लोकांनी तिची ती करडी ओळ वाचली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवला होता.

त्या संध्याकाळी आई भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "धाकटी दुकान सोडतेय."

"का?"

"गिऱ्हाईक येईना. गणवेशाच्या कारखान्यात काम बघून आलीय. बटणं लावायचं."

"बटणं?"

"नाही तर काय करेल! कोणीतरी त्या मोबाईलवर तिच्याबद्दल काहीबाही पसरवलंय म्हणे. हात झडोत मेल्याचे."

कात्रीने एक जुडी पुढे ओढून निवडायला घेतली. आईने आणखी दोन शिव्या घातल्या, त्याही तिने ऐकून घेतल्या. वडिलांनी जिच्या हाताकडे बघून मान डोलवली होती ती कारखान्यात रांगेत बसून बटणं लावणार, आणि ते आपण केलंय, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने बटणला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी सगळं सांगितलं.

बटण म्हणाला, "अहो, यात एवढं काय? तो धागा उडवा. जुन्या शिफारशी गुपचूप परत लावा. कोणाला पत्ता लागणार नाही."

"म्हणजे अ‍ॅडमिनने नातेवाइकाची शिफारस चालू दिली."

"नियम तुम्हीच केलाय ना? तुम्हीच बदला!"

"बहिणीसाठी बदलला म्हणतील."

"बाई," बटण म्हणाला, त्याचा मऊ आवाज पहिल्यांदाच जरा चढला, "तुम्हाला बहीण वाचवायची आहे की नियम?"

ती म्हणाली, विचार करून सांगते. आणि खरोखरच विचार करत बसली, कारण तिला दोन्ही वाचवायचं होतं. कोणी हसेल, पण ठिगळ तिचं दुसरं दुकान होतं. तिथे तिच्या शब्दाला वजन होतं, भांडणं तिच्यापाशी येऊन मिटत होती. दिवसभर लोकांच्या पँटा आखूड करणाऱ्या बाईला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळणार होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तिने बटणला पुन्हा अ‍ॅडमिन केलं आणि स्वतः अ‍ॅडमिनपद सोडलं. मग साधी सभासद म्हणून शाळामास्तरणीच्या धाग्यावर लिहिलं. लिहायला वेळ लागला, पण झालं ते असं:

'डेपोमागच्या रफूवालीच्या शिफारशी मी काढल्या होत्या. तिच्या कामात खोट होती म्हणून नाही. ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे आणि अ‍ॅडमिनच्या नातेवाइकांची शिफारस चालत नाही, म्हणून. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. न सांगितल्यामुळे तुम्ही तिला फसवी समजलात, ती चूक तुमची नाही, माझी आहे. आता मी अ‍ॅडमिन नाही, म्हणून शिफारस करते. काम: रफू. लहानपणापासून पाहत आले आहे. टिकतं. नातं वर लिहिलं आहे. तुमच्या वडिलांचा कोट तिच्याकडे न्या.'

व्हायचा तो गदारोळ झाला. कोणी म्हणालं, धन्य आहे बाईंची. कोणी म्हणालं, इतकी वर्षं आम्हाला नियम शिकवत होती आणि घरचीच भानगड निघाली. ज्याने चुकूनही जाऊ नका लिहिलं होतं त्याने आपलं उत्तर काढून टाकलं. एकाने विचारलं, कशावरून हीसुद्धा जाहिरात नाही? प्रश्न रास्त होता. पूर्वी कात्रीने तोच विचारला असता. काढलेल्या सगळ्या शिफारशी बटणने परत लावल्या आणि कात्रीने दुकानाचं शटर वर केलं. गिऱ्हाईक दारात उभंच होतं, चेन बदलायला.

पुढे काही दिवस काहीच घडलं नाही. आईने एकदा सांगितलं, धाकटीने ते वाचलंय. काय म्हणाली, असं मोठीने विचारलं नाही, आणि आईनेही ताकास तूर लागू दिली नाही.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. दुकान बंद होतं, मोठी घरातच होती, हे धाकटीला पक्कं ठाऊक असणार. आई चष्मा शोधायचं निमित्त करून आत निघून गेली. धाकटी दारातच उभी राहिली, खांद्याला पिशवी, डोळ्यांखाली काळं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघीही बऱ्याच थकलेल्या दिसत होत्या.

"तो कोट आला होता," धाकटी म्हणाली. "मास्तरणीचा. करून दिला. अजूनही येतायत लोक. घरमालकाला सांगितलंय, महिनाभर थांबते म्हणून."

"आणि कारखाना?"

"नाही म्हणून कळवलं."

"बरं केलंस."

"तू लिहिलंस ते वाचलं. काम टिकतं, म्हणालीस."

"टिकतंच."

"टिकतं ते मलाही माहीत आहे. घोंगडीसुद्धा टिकते." धाकटीने नजर हटवली नाही. "चांगलं आहे असं नाही लिहिलंस. सगळं वाचलं मी, दोनदा. तो शब्द कुठेच नाही."

मोठी नियमाबद्दल काहीतरी सांगणार होती. तोंड उघडलंही. मग ज्या गोष्टीवर इतकी वर्षं नियमाचं अस्तर घातलं होतं तीच बाहेर पडली.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं आहे. बाबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तेच बोलवत नव्हतं मला."

आतून काहीच आवाज येत नव्हता. आईचा चष्मा सापडला नव्हता किंवा ती भिंतीला कान लावून उभी होती. धाकटीने पदराने नाक पुसलं.

"एवढंच ऐकायचं होतं मला," ती म्हणाली. "बाकी जगाला सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."