सरकारी वीत

कचेरीतले किस्से कसे जमतात माहितीये? टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये तुटके शिक्के, गंजक्या टाचण्या, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असं जमत जातं ना, तसे. मुद्दाम कुणी ठेवत नाही. पण एक दिवस ड्रॉवर बंद व्हायचा थांबतो, मग बसावं लागतं उपसत. माझ्या ड्रॉवरमधली निम्मी जागा एकट्या शैला पगारेनं अडवलीय.

आधीच सांगून टाकते, मला शैलाचा हेवा वाटतो. ती माझी मैत्रीण आहे, डब्यातली भाजी आम्ही अर्धी-अर्धी खातो. पण भाजी वेगळी, हेवा वेगळा!

आमची परवाना शाखा. सायकली, टांगे, हातगाड्या, कुत्री आणि होड्या, या सगळ्यांना आम्ही परवाने द्यायचो. होड्या म्हटलं की लोक हसतात. नाशिकला कुठलं आलंय बंदर? पण गावाच्या वरच्या अंगाला बंधाऱ्यामागं गंगा, म्हणजे आमची गोदावरी, छान तुंबलेली असायची, तिथं सहा होड्या भाड्यानं चालायच्या. रविवारी सातपूरच्या कारखान्यांतली मंडळी बायकापोरांना घेऊन फिरायला यायची. आमचं बंदर ते तेवढंच.

*

शैला आणि मी नोकरीला एकाच दिवशी लागलो. साहेबांनी दोघींना समोर उभं केलं आणि विचारलं, "पोहता येतं का?"

मी आपलं खरं सांगितलं, "नाही."

शैला म्हणाली, "हो."

तिला होड्यांचं टेबल मिळालं. मला कुत्री!

चार वर्षांनी ऑफिसची सहल त्र्यंबकला गेली. बघते तर कुंडाच्या दुसऱ्याच पायरीवर शैला साडी धरून लटलट कापत उभी!

"शैले, तुला पोहता येत नाही?"

"छे गं!"

"मग साहेबांना हो कशी म्हणालीस?"

"अगं, टेबल काय ते पाण्यात ठेवणार होते?"

*

आता टेबलाटेबलातला फरक ऐका. होडीवाले आले की येताना परडीभर पेरू आणायचे. शैला सगळ्या ऑफिसला वाटायची. माझ्याकडे लोक यायचे ते कुत्री घेऊन!

एकदा एक गृहस्थ वासराएवढं अल्सेशियन घेऊन आले. "घाबरू नका बाई, काही करत नाही तो." असं म्हणेपर्यंत त्यानं माझा पदर तोंडात धरला. मी खुर्चीवर, कुत्रं जमिनीवर, मध्ये ताणलेला पदर. समोरच्या टेबलावरून शैला पेरू चावत म्हणाली, "विमल, फॉर्म भरून घे. चौथा रकाना राहिलाय, स्वभाव!"

गृहस्थ म्हणाले, "लिहा, प्रेमळ."

आणि मी लिहिलं हो! पदर त्याच्या तोंडात आणि मी लिहितेय, 'प्रेमळ'.

*

होड्यांचा एक नियम होता. प्रत्येक होडीत ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब हवी. कुणी पडलंच पाण्यात, तर टाकायला.

शैला तपासणीला गेली. पहिल्या होडीत ट्यूब होती. दुसरीत होती, तिसरीतही होती. सहाच्या सहा होड्यांत ट्यूब, आणि प्रत्येक ट्यूबला त्याच जागी तसंच लाल ठिगळ! शेवटच्या होडीशी पोचल्यावर शैलानं ट्यूबच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिला जरा बसू द्या आता. पहिल्या होडीपासून माझ्या पुढं पुढं धावतीये बिचारी. दमली असेल."

होडीवाले इतके हसले, इतके हसले, की आठवड्याच्या आत सहा ट्यूबा आल्या.

मी असते तर कडक रिपोर्ट लिहिला असता. साहेबांनी नोटीस काढली असती. होडीवाले चिडले असते, आणि ट्यूब एकच्या एकच राहिली असती. हेच तर मला सोसत नाही!

*

एका पावसाळ्यात शैलाला गालगुंड झाले आणि आठ दिवस होड्या माझ्याकडे आल्या. आठ दिवस! मी मनातल्या मनात गालगुंडांना नारळ फोडला.

पावसाळ्यात नियम सोपा. पूर चढून घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, की होड्या बंद. मी सकाळपासून घाटावर छत्री घेऊन उभी. दुपारी पाणी गुडघ्याला लागलं. मी टांगा केला, निम्म्या रस्त्यात टांगेवाला पुढं जाईना, तर चिखल तुडवत चालत बंधारा गाठला. चपलेचा अंगठा तुटलेला, साडी पोटरीपर्यंत चिखलात. लांबूनच ओरडले, "होड्या बाहेर काढा! होड्या बाहेर काढा!"

सहाही होड्या काठावर उताण्या घालून ठेवलेल्या! त्यांच्यातल्या एकीवर निवृत्तीकाका निवांत बसले होते. सगळ्या होडीवाल्यांत वयानं मोठे ते हेच.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शैलाबाईंनी काल सांच्यालाच निरोप धाडला व्हता. घरून. म्हन्ल्या, पानी लय चढनार हाय, होड्या काढून घ्या. आन् म्हन्ल्या, उद्या आमच्या विमलबाई पळत येतील, त्यांना च्या पाजा."

चहा पाजला त्यांनी. आलं घालून.

*

मग ते वितीचं प्रकरण. नियमात लिहिलेलं होतं: होडी सवाऱ्यांनी भरली की तिचा काठ पाण्याच्या वर एक वीत राहिला पाहिजे. जुने साहेब काठावरूनच डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." ते रिटायर झाले, नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, "वीत म्हणजे किती?"

मोजपट्टी घ्यायची तर खरेदीला वरून मंजुरी लागणार. शैलानं सरळ हात पसरला. "एवढी, साहेब."

शैलाच्या बोटांबद्दल मी फार बोलत नाही. लांबसडक आहेत. कासारसुद्धा बांगड्या भरताना तिचा हात दोन मिनिटं जास्त धरून ठेवतो. माझा हात बघितला की तोच कासार शाळेतल्या मुलींचा डबा उघडतो! बाकी मी अंगानं भरलेली आहे, देवानं फक्त हातात काटकसर केली.

तर साहेबांनी तो पसरलेला हात बघितला आणि फायलीवर लिहिलं, 'यापुढे होड्यांच्या टेबलावरील लिपिकाची वीत प्रमाण मानावी.' खाली सही, तारीख, शिक्का.

शैलाचा हात सरकारी झाला! घरी जाऊन मी गुपचूप पोळीवर माझी वीत ठेवून बघितली. या काठापासून त्या काठापर्यंतसुद्धा पोचली नाही.

*

दर तीन वर्षांनी प्रत्येक होडीची भरून चाचणी व्हायची. होडीत सवाऱ्या बसवायच्या, काठ मोजायचा, मग एक चक्कर. तीत टिकतील तेवढ्याच सवाऱ्यांचा आकडा पुढची तीन वर्षं होडीवर. वाळूची पोती आणायला मंजुरी नव्हती, म्हणून सवाऱ्या म्हणून ऑफिसच बसायचं! सगळे उड्या मारत जायचे आणि संध्याकाळी भाजलेली कणसं खात परत यायचे. मी मात्र खिडकीवर. "कुणीतरी हवं ना गं खिडकीवर," इति शैला.

नवे साहेब आले त्या वर्षी निवृत्तीकाकांच्या होडीची पाळी होती. ऐन वेळी शिपाई बाबूराव तापानं पडले. आठवी सवारी कमी पडली, आणि शैलानं माझ्याकडे बघितलं.

मी पोपटी साडी नेसून गेले. होडीत बसायला पोपटी साडी!

सातजण बसले. आठवी मी बसले. होडीनं "हुं" केलं. शैला पायरीवर वाकली, काठाला अंगठा लावून वीत पसरली. तिची करंगळी पाण्यात बुडाली.

"सॉरी गं, विमल."

साहेब म्हणाले, "सात."

निवृत्तीकाकांनी हातच जोडले. "सायेब, माझ्या बापापासून आठ बसत्यात! सातपूरची पार्टी म्हंजी आठ जन. दोन जोड्या आन् चार पोरं. एकाला काठावर ठिवून कोन येतंय? समदे दुसऱ्या होडीत जातील!"

"नियम आहे, काका."

"आवं, ह्या बाईंना उतरवा, मंग बगा!"

मला उतरवलं. वीत बसली. होडी माझ्याशिवाय चक्कर मारायला गेली आणि मी चपला हातात घेऊन काठावर उभी. निवृत्तीकाकांनी परत आल्यावर आठाचा आकडा खरवडला, त्या जागी सात काढला. सगळ्या बंधाऱ्यावर माझं नाव पडलं, 'आठवी बाई'.

*

खोटं कशाला सांगू, मनाला लागलं माझ्या. एका म्हाताऱ्या माणसाचं गिऱ्हाईक मी बसल्यामुळं तुटलं! रविवारी तिकडून गेलं की दिसायचं, बाकीच्या होड्या भरभरून चालल्यात आणि काका बिडी ओढत बसलेत.

मी भात सोडला. आमच्याकडे घोटीचा तांदूळ यायचा, शिजताना चाळभर वास सुटायचा. तीन वर्षं मी त्या वासावर भाकरी खाल्ली.

आमचे हे सातपूरला फॅक्टरीत. सेकंड शिफ्ट करून यायचे, ताटात भाताचा डोंगर घ्यायचे आणि म्हणायचे, "होडीला कळतंय का पण, तू भात सोडलास ते?"

निवृत्तीकाका भाजीबाजारात भेटले की मला खालीवर बघायचे, बाजारात शेळी बघतात तसे.

"उतरलंय का काय, बाई?"

"चार किलो!"

"आजून थोडं."

*

तीन वर्षं झाली. साहेबांनी सगळ्या टेबलांची अदलाबदल केली. शैलाला कुत्री, मला होड्या! मी ऑफिसात पेढे वाटले. कुत्र्यांच्या टेबलावर शैला बसली, आणि पहिल्याच दिवशी एक पामेरियन तिच्या मांडीवर झोपून गेलं. असो.

पहिलीच चाचणी निवृत्तीकाकांच्या होडीची. आता मात्र बसणारच, असं मी ठरवून गेले. काठावर पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्याकडे टेबल, त्यानं पायरीवर उभं राहून मोजायचं! एवढ्या वर्षांत शैला एकदाही होडीत बसली नव्हती, आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

बाबूराव रिटायर झालेले. आठवी सवारी म्हणून शैला बसली. आधीच कणीस घेऊन.

काका माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "बाई, तुमी बसनार नाय ना?"

"नाही, काका."

"पावला देव!"

मी पदर खोचला, पायरी उतरले. काठाला अंगठा टेकवला आणि बोटं ताणता येतील तेवढी ताणली. देवाशपथ, पुरी ताणली. माझी करंगळी कोरडी. तिच्याखाली पाण्यापर्यंत अजून दोन बोटं जागा!

"साहेब, वीत राहिली! वर दोन बोटं शिल्लक!"

शैला होडीतून वाकली. तिनं माझ्या हाताशेजारी स्वतःचा हात लावला. तिची करंगळी बुडाली.

तिनं बोट वर काढलं. टप टप पाणी गळत होतं. काकांनी तिचं ओलं बोट बघितलं, मग माझं कोरडं बोट बघितलं, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मंग बाई," ते म्हणाले, "तीन सालाचा भात...?"

साहेब फाईल चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "वीत कुणाची धरायची?"

"टेबलावरच्या लिपिकाची, साहेब," शैला म्हणाली.

"मग आठ."

काकांनी चुन्याचा डबा बरोबरच आणला होता. तिथल्या तिथं सात पुसून त्यांनी केवढा मोठा आठ काढला! मग चुन्याचे हात धोतराला पुसत माझ्याकडे वळले. "बाई, या! बसा आता. आज तुमाला पार पल्याडपत्तुर फिरवून आनतो."

मी चपला काढल्या. एक पाय उचलला.

होडीतून शैलानं ओली करंगळी पदराला पुसली, कणसाचा एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली,

"कशी बसेल, काका? आठ झाले ना!"