ताओताओचा उजवा हात

तुंगकांग या बंदरगावातल्या मासळीबाजारामागे पाओ-यूनचं केस धुण्याचं दुकान आहे. खुर्चीत ताठ बसलेल्या बायकांच्या डोक्यावर ती फेसाचे मनोरे रचते, आणि ते मनोरे सांभाळत बायका गावाचे निवाडे करतात. नवरा चिंग-फा बोटीवर. वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. त्यामुळे पाओ-यूनच्या घरातला प्रत्येक प्रश्न आधी या खुर्च्यांमध्ये चघळला जातो. लेक ताओताओच्या हाताचाही तसाच चघळला गेला.

ताओताओ जन्मली तीच भोपळ्याएवढी. दवाखान्यातले डॉक्टर आधी महिनाभर कौतुक करत होते, "बाळ कसं गुटगुटीत आहे, भाग्य लागतं!" ऐन वेळी त्या भाग्याचा खांदा अडकला. मग नुसती ओढाओढ. बाळ बाहेर आलं, रडलंही खणखणीत, पण उजवा हात लोंबतच राहिला.

"आठवड्याभरात येईल ताकद," डॉक्टर म्हणाले.

आली नाही. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ओढाताणीत तुटल्यात, हे काओश्युंगच्या मोठ्या इस्पितळात कळलं. शस्त्रक्रिया झाली, बोटं हलू लागली, कोपर वाकू लागलं. खांदा मात्र रुसला तो रुसलाच.

पाओ-यून त्याच्या रुसव्याला दाद देणारी नव्हती. तिने दुकानाच्या आरशावर डुकराच्या पिल्लांची चित्रं चिकटवली, एकावर एक, थेट वरपर्यंत. ताओताओने उजव्या हाताने पिल्लू गाठायचं. "वर! अजून वर! त्या जाड्याच्या कानापर्यंत!" असा आईचा पुकारा दिवसभर चाले. सहा वर्षांची होईतो पोरगी जाड्याच्याही वरच्या पिल्लापर्यंत पोचली. मग तिला गिऱ्हाइकांची डोकी धुवायची हौस आली.

दवाखान्याने मात्र एकच पालुपद लावलं होतं: निसर्गाची मर्जी, आमची चूक नाही. पाओ-यूनने शेन नावाच्या तरुण वकीलबाईंना गाठलं आणि भरपाईचा दावा ठोकला. पोरीचे उपचार आयुष्यभर चालायचे, उद्या तिला काम कुठलं जमेल याचा पत्ता नाही. ते ओझं एकट्या आईनेच का वाहायचं?

पिंगतुंगच्या कोर्टात सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात गुओमावशींनी घोळ घातला. गुओमावशी म्हणजे बाजारात ट्युना कापणाऱ्या, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. ताओताओ मावशींचं डोकं धुतेय, असा व्हिडिओ त्यांनी कौतुकाने फोनवरून साऱ्या गावाला पाठवला, आणि तो फिरत फिरत दवाखान्याच्या वकिलाच्या हाती पडला. त्याने तो कोर्टात लावला. "हीच ती अधू मुलगी? हात तर डोक्यापर्यंत जातोय!"

कोर्टाने काओश्युंगच्या एका डॉक्टरांकडून हात तपासून घ्यायला सांगितलं.

दुकानात हलकल्लोळ झाला.

"माझी जीभ झडो," गुओमावशी डोक्यावरचा फेस हलवत म्हणाल्या. "आणि ती नीट धुतच नव्हती गं! अर्ध्या डोक्याला साबण घेऊन गेले मी घरी. हे सांगू का कोर्टात?"

"तुम्ही आता काहीही सांगू नका, मावशी!"

"बरं, मग पोरीला शिकव. हात ओल्या टॉवेलसारखा लोंबता ठेव म्हणावं."

वकीलबाईंनी ताकीद दिली होती, काही पढवायचं नाही. पाओ-यूनलाही ते पटत होतं. पण तपासणीच्या दिवशी सकाळी बसमध्ये तिच्या तोंडून निघून गेलंच, "ताओताओ, आज जेवढा सहज जाईल तेवढाच वर कर हं. जोर नको लावू."

पोरीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू आईने भर बसमध्ये तिचा अपमान केला होता.

तपासणारे डॉक्टर म्हातारे, टक्कल तुळतुळीत. "हात वर कर बरं, बाळ."

ताओताओने दात आवळले, कंबर एका बाजूला काढली, सगळं अंग तिरकं केलं आणि हात पार कानाला नेला. "बघा! तुमचं डोकंसुद्धा धुईन. पण तुम्हाला तर केसच नाहीत. मग नुसतं पुसून देईन!"

पाओ-यूनने डोळे मिटले. गेला दावा.

डॉक्टर मनापासून हसले. "पुसायचं नंतर. आता भिंतीला पाठ टेकून उभी राहा." त्यांनी एका हाताने तिचा खांदा वरून हलकेच दाबून धरला. "हं, आता कर."

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. ताओताओने ओठ चावला, गाल फुगवले. हात काही पुढे सरकेना. तिने गोंधळून आईकडे पाहिलं.

"मी इतके दिवस खोटंखोटं करत होते?"

"छे गं," डॉक्टर म्हणाले. "हात करत नव्हता ते तुझी पाठ करत होती. पाठ भारी मेहनती आहे तुझी. पण तिला जरा वाक आलाय, हे मला लिहावं लागेल."

पाओ-यूनला आरशावरची पिल्लं आठवली. प्रत्येक पिल्लामागे टाळ्या वाजवल्या होत्या तिने, आणि पोरगी तेवढी वाकत गेली होती. कधीच लक्षात आलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि रडली. ताओताओने डाव्या हाताने तिचं नाक पुसलं, म्हणाली, "आई, लोक बघतायत."

डॉक्टरांचा अहवाल कोर्टात पोचला आणि व्हिडिओची हवा गेली. पोटातलं बाळ एवढं मोठं आहे हे माहीत असूनही दवाखान्याने काही तयारी केली नव्हती, हेही कोर्टाने मानलं. मागितली तेवढी नाही, तरी भरीव भरपाई मिळाली. पाओ-यूनने ती पोस्टात मुलीच्या नावावर टाकली.

"माझ्या हाताचे पैसे आहेत ना? मग आंब्याचा बर्फगोळा घेऊ दे."

"हाताचे आहेत, तोंडाचे नाहीत," पाओ-यून म्हणाली. आणि बर्फगोळा स्वतःच्या गल्ल्यातून आणून दिला.

आता आठवड्यातून एकदा दोघी पाठीच्या व्यायामाला काओश्युंगला जातात. तिथल्या बाई "सरळ, सरळ!" असं ओरडतात, आणि पाओ-यून कोपऱ्यात गप्प बसते. गप्प बसणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच शिकावं लागतंय. गुओमावशी म्हणतात, पोरीपेक्षा आईचाच व्यायाम अवघड आहे.