क्लबात जेवणारा मुलगा

अठराशे ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कल्याणच्या आवडाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून त्यांनी मुलाला मुंबईच्या कॉलेजात घातलं होतं. त्र्यंबकला राहायला कॉलेजची खोली होती, जेवायला मात्र सात वारांची सात घरं. गरिबाच्या मुलाने असे वार लावूनच शिकायचं, त्यात बाईंना काही कमीपणा वाटत नव्हता. आणि एक दिवस पत्र आलं: ‘वार सोडले. आता क्लबात जेवतो. काळजी नसावी.’

पत्र वाचून दाखवणारा टपालवाला गणू मोठा जाणता. ठाण्यातला साहेबांचा क्लब त्याने कुंपणाबाहेरून पाहिलेला.

“तिथे जेवायला काय असतं रे?”

गणू घुटमळला. “आता कसं सांगू, बाई. कोंबडी. आन् बाटल्या.”

संपलं. बाईंचं डोकंच चालेना. पोरगा बाटला असेल तर जात वाळीत टाकणार. बाटला नसेल, तर साहेब त्याला पंक्तीला घेतील कशाला? गणूला त्यांनी गळ्याची शपथ घातली. कुणाला विचारावं तर बोभाटा, न विचारावं तर जीव टांगणीला. देवापुढे बसून नेमकं काय मागायचं, तेही सुचेना.

सुट्टीत त्र्यंबक आला तो अंगाने चांगला भरून. बाईंनी ताडलं. कोंबडीच ही, दुसरं काय?

त्यांनी त्याचं पान ओसरीवर मांडलं. “आत सारवलंय, ओलं आहे,” त्या खोटंच बोलल्या. त्र्यंबक क्षणभर पानाकडे बघत राहिला, मग बसला आणि भात कालवू लागला. बाईंना राहवेना.

“क्लबात काय खातोस रे?”

“हेच, वरणभात. आम्ही बारा मुलांनी मिळून आचारी ठेवलाय, आपल्यातलाच. भाजी आळीपाळीने आणतो. त्यालाच क्लब म्हणतात.”

बाईंना आधी काही उमगेचना. मग हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

“मग वार कशाला सोडलेस? चांगल्यांची घरं ती.”

“चांगलीच होती. पण कुठला कोण म्हणून आत घेत नसत.” त्र्यंबकने मान वर केली नाही. “ओसरीवर वाढायचे.”

आवडाबाई लगबगीने उठल्या. “ऊठ. आत चल, दुसरं पान मांडते.”

“आता कसा उठू, आई? कालवलंय,” तो म्हणाला, आणि शेवटच्या शितापर्यंत तिथेच जेवला.