आतोबांना न दिसलेली मंदी

आमच्या आतोबांइतका सुखी माणूस त्या मंदीत अख्ख्या खानदेशात दुसरा नव्हता, आणि इतका बुडालेलाही नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, जळगावचे कापसाचे दलाल. भाव असे कोसळले की सरकी काढायच्या जिनांची धुराडी थंड पडली, पेढीपेढीवर माणसं मयताला बसल्यासारखी बसू लागली. आतोबा मात्र रोज सकाळी धुतलेलं उपरणं टाकून बाजारात जायचे, ज्याचा चेहरा सर्वांत उतरलेला त्याच्याच गादीवर बसायचे आणि विचारायचे, "मंदी? कोठे शे मंदी?" एका शेटजींनी तर हात जोडले, की नाना, दिवाळं निघालं ते सोसेन, पण तुमचा धीर सोसवत नाही.

पडत्या काळातच धंदा सापडतो, हे त्यांचं ठाम मत. बंद जिनातलं रिकामं बारदान त्यांनी कवडीमोलानं उचललं आणि आत्याला त्याची बसकरं शिवायला बसवलं. स्वराज्याच्या सभांचे दिवस होते, लोक धुळीत बसून भाषणं ऐकायचे. कल्पना वाईट नव्हती हो! बसकरं भाड्यानं दिली, वक्ता उभा राहिला, आणि पोलिस आले. सभा पळाली ती बसकरं बगलेत मारूनच. मोकळ्या मैदानात उभे राहून आतोबा म्हणाले, "माल तर उठना ना!" आत्यानं बोलणं टाकलं. घरात शांतता असली की माणसाला चांगलं सुचतं, असं त्यावर त्यांचं म्हणणं पडलं.

सुचले ते दोर. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. भाव पडले म्हणून लेकी झोका सोडतील काय, असा आतोबांचा सवाल. आत्याच्या पाटल्या मोडून त्यांनी खोलीभर दोर घेतले. जन्म बाजारात गेलेला, विहिरीवर कधी उभे राहिले नव्हते. उन्हाळ्यात मोट थांबली की तिचाच नाडा सोडून झोक्याला टाकतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हातभर दोर खपला नाही.

आत्याला मात्र यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक दोंडाईच्याला दिलेली. गेल्या आखाजीला ती आली नव्हती. मुराळी, म्हणजे न्यायला जाणारा माहेरचा माणूस, लुगडं घेऊन गेल्याशिवाय सासरचे पोर धाडत नसत, आणि लुगडं दोरांतून निघायचं होतं. यंदाही पोर आली नाही तर आखाजीची पितरांची घागर भरणार नाही, असं आत्यानं सांगून टाकलं. आतोबा म्हणाले, रिकाम्या हातानं गेलं की ओझं वाचतं. मी लेकीचा मामेभाऊ, म्हणून मला मुराळी केलं आणि निघाले. अमळनेरपर्यंत ते मला दोराचे नवे उपयोग सांगत होते. पुढे नुसते आपल्या मोकळ्या हातांकडे बघत बसले. मला ते बरं वाटेना.

दोंडाईच्याचे व्याहीही कापसातलेच. ओसरीवर गावची चार माणसं बसलेली, सगळ्यांचे डोळे आमच्या हातांकडे. लेक दारामागे उभी होती, बांगड्या तेवढ्या वाजल्या. पोर धाडता का, असं विचारावं तर लुगड्याचा विषय निघणारच. आतोबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि व्याह्यांच्या हातावर टाकून त्याखाली आपला हात घातला. कापसाचा सौदा असाच होतो. भाव तोंडानं सांगायचा नाही, भोवतालच्यांना कळू नये म्हणून कापडाखाली बोटं दाबून सांगायचा. ओसरी सरसावून बसली. लेकीच्या धाडणीचा असला सौदा कुणी पाहिला नव्हता. पुष्कळ वेळ गेला. मग व्याह्यांनी घसा खाकरला.

"पटनं. पुनवेपर्यंत पोर तुमनी."

काय जबर दलाल आहे, असं कुणीतरी पुटपुटलं. लुगड्याचं नाव कुणी काढलं नाही.

परतीच्या गाडीत लेक खिडकीशी बसली होती, जळगाव कधी येतं म्हणून सारखी बाहेर वाकत होती. मी हळूच विचारलं, की आतोबा, बोटं किती दाबलीत? त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, ती ऐकत नाही याची खात्री केली.

"बोट दाबंच नही, भाऊ. त्याना हात कापत होता. मना बी. दोन्ही नुसता धरीसन बठनूत."

मग उपरण्यानं तोंड पुसलं, आणि थेट जळगावपर्यंत त्यांना एकही धंदा सुचला नाही.